भिंतीवरचा बारा आकडी नंबर

माळेगावच्या यात्रेत पशुवैद्यक म्हणून माझी ड्यूटी अनेकदा लागली, पण 2024 ची आठवण वेगळी आहे. त्या वर्षी जूनपासून राज्यात नियम लागू झाला होता: कानात नंबरचा बिल्ला नसेल तर जनावराची खरेदी-विक्री नाही.

लोहा तालुक्यातलं हे गाव एरवी लहान. मार्गशीर्षात खंडोबाची देवस्वारी निघाली की माळावर एक शहरच उभं राहतं. घोड्यांची रांग वेगळी, गाढवांची वेगळी. वैदूंची पालं, कुस्तीचा आखाडा, लावणीचे फड. पाणी, दिवाबत्ती, पशुप्रदर्शन हे सगळं जिल्हा परिषद बघते. माझा जीव मात्र लालकंधारीच्या दावणीत रमतो. गाई-बैलांची ही गर्द तांबडी जात याच कंधार-लोह्याच्या पट्ट्यातली. पुस्तकं यायच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांनी नुसत्या नजरेनं वळू निवडले, म्हणून ती टिकली, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी एक म्हातारे मामा बैलजोडी घेऊन तंबूपुढं आले. सौदा उपरण्याखाली बोटं धरून झालेला, घेणारा देगलूरकडचा. एका बैलाच्या कानात पिवळा बिल्ला होता. दुसऱ्याचा कान मधोमध फाटलेला.

"बाभळीत आडकला सायेब. कान फाटला, बिल्ला गेला."

जखम जुनी होती, भरून आलेली. खोटं वाटत नव्हतं, पण माझ्या वाटण्यावर दाखला देता येत नाही. नंबर नाही म्हणजे लसीची नोंद सापडत नाही, आणि लम्पी या त्वचारोगाच्या साथीत दावणीच्या दावणी आजारी पडलेल्या मी पाहिल्यात. घेणारा चुळबुळ करू लागला. नवा बिल्ला मारून मोकळं व्हा, असं मागून कुणीतरी म्हणालं. तसं केलं असतं तर त्या बैलाचा मागचा सगळा इतिहास पुसला गेला असता.

मामांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "सुनंला लावा. तिनं गोठ्याच्या भितीवर लिवून ठिवलंय."

पलीकडून आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग तिचा. एकेक आकडा ती सावकाश वाचत गेली. बारा आकडे. पुढं न विचारताच म्हणाली, "खाली लस दिल्याची तारीख पण हाय, सांगू का?"

नंबर ॲपमध्ये टाकला. लालकंधारी, नर, मालकाचं नाव बरोबर, लसीची तारीख तीच. तरी मी जबडा उघडून पाहिला. खालच्या ओळीत मधले चार दात रुंद, पक्के, कडेचे दुधाचे. चौसा. वयाची नोंदही जुळली. दुसऱ्या कानाला औषध लावून नवा बिल्ला मारला, जुन्या नंबरच्या जागी नवा चढवला आणि दाखल्यावर सही केली. घेणाऱ्यानं पैसे मोजले. मामांनी ते न मोजताच बंडीच्या आतल्या खिशात ठेवले.

मग त्यांनी मला कागद मागितला. नवा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून दिला. बैल तर विकला होता, म्हणून विचारलं, "आता कशाला, मामा?"

"सुनंला दाखवायचाय. जुना खोडून हा लिवंल ती."

बैलांच्या गळ्यातली आपली दावी त्यांनी सोडून खांद्यावर टाकली. घेणाऱ्यानं स्वतःची बांधली. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या वाटेनं मामा मोटारीच्या थांब्याकडं गेले. पुढचा शेतकरी कालवड घेऊन उभाच होता.