निरंक

आमच्या ऑफिसात हा शब्द फार चालतो. प्रलंबित अर्ज निरंक, शिल्लक रक्कम निरंक. तो एकदा टाइप केला की हातातलं काम मिटतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी २१ वर्षं लिपिक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या आमच्या अंतर्गत तक्रार समितीचा वार्षिक अहवाल कित्येक वर्षं मीच टाइप करायची. प्राप्त तक्रारी: निरंक. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. आणि खरं सांगते, ते लिहिताना बरंही वाटायचं. आपल्या कॉलेजात तसलं काही नाही.

काही वर्षांपूर्वी जुलैत प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागल्या. यादी मीच केली. नाव, रोल नंबर, बॅच आणि शेवटी मोबाइल नंबरचा रकाना, कारण मुलं बॅच विसरतात आणि सरांना फोन लावावा लागतो. शिपाईमामांनी ती पानं जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावली. चार-पाच दिवसांनी बघते तर एका नंबरावर निळ्या पेननं इतकं गिरगटलेलं की कागद फाटून मागचं हिरवं कापड दिसत होतं. कुणी केलं ते शोधावं लागलं नाही, नाव शेजारीच होतं. मी तिला खिडकीवर बोलावलं आणि सगळ्यांसमोर झापलं. "कॉलेजचा कागद आहे तो, तुझी वही नव्हे." ती गप्प उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "मॅडम, नवी यादी लावताना माझा नंबर नाही घातला तर चालंल का वो?" मी म्हटलं, यादी एकदा लागली की लागली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती वडिलांबरोबर दाखला काढायला आली. रोज दीड तास एसटीनं येणारी मुलगी. वडील झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडं गेले, तेवढ्या पाच मिनिटांत ती खिडकीच्या गजांना धरून सगळं सांगून गेली. बोर्डावरच्या यादीचा कुणीतरी फोटो काढून नेला होता. रात्री वेगवेगळ्या नंबरांवरून फोन यायला लागले. नंतर एकजण संध्याकाळी स्टँडवर, तिची गाडी लागते त्याच फलाटावर येऊन उभा राहायला लागला. घरात कळलं तसा आधी फोन काढून घेतला, मग कॉलेज बंद केलं.

"अगं, मग तक्रार करायची नाहीस का?"

"कुणाकडं?"

मला उत्तर देता आलं नाही. समितीचा फलक होता, प्राचार्यांच्या केबिनबाहेर. त्यावर निवृत्त झालेल्या दोन मॅडमची नावं होती आणि नंबर ऑफिसच्या लँडलाइनचा, जो माझ्याच टेबलावर वाजतो.

दाखल्यावर 'कॉलेज सोडण्याचे कारण' या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. त्या वर्षीच्या अहवालातही लिहिलं, निरंक.

गावाकडच्या पोरांना राहायला जागा मिळाली तरच ती शिकतील, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगं उभी केली. त्याच शहरात आम्ही एका मुलीचा फोन नंबर भिंतीवर लावला आणि तिचं शिक्षण घालवलं. मला हे अजून झोपू देत नाही.

पुढच्या वर्षी मी स्वतःहून समितीत नाव घातलं. शिक्षकेतर कर्मचारी दोन लागतातच. लैंगिक छळाबद्दलचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आणि कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एका रविवारी घरी बसून वाचून काढला, आणि इतकी वर्षं मी काय टाइप करत होते ते तेव्हा कळलं. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. विभागप्रमुख किंवा डीन समितीत बसू शकत नाहीत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: चौकशी चालू असतानाच, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचे पेपर, तिची प्रॅक्टिकल तपासण्यापासून दूर ठेवता येतं. मुली मार्कांच्या भीतीनं गप्प बसतात. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे.

स्टँडवरचं कॉलेजात कशाला, असं आमच्यातले काहीजण अजून म्हणतात. नंबर आमच्या बोर्डावरून गेला होता. आणि मुलगी नको म्हणत असताना वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हाच आहे. ११२ ला फोन करायला कॉलेजची परवानगी लागत नाही. फक्त मेसेज पुसू नका. घाबरून पहिल्यांदा मुली तेच करतात.

आता कुठल्याही यादीत मोबाइलचा रकाना नाही. फलकाची एक प्रत लेडीज रूमच्या दाराला आतून लावली, कारण केबिनबाहेर सगळ्यांच्या देखत उभं राहून तो फलक कोण वाचणार? खाली एका मॅडमच्या नंबराच्या चिठ्ठ्या कातरून ठेवल्यात, क्लासच्या जाहिरातीला असतात तशा. चार-दोन दिवसांनी काही कमी झालेल्या असतात. मी नव्या लावते.

आलेल्या तक्रारींबद्दल मी इथं एक अक्षर लिहिणार नाही. ते गुप्त ठेवणं माझं काम आहे. वरच्या मुलीचेही ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यंदाच्या अहवालात त्या रकान्यात मी पहिल्यांदा आकडा टाकला. सहीला कागद ठेवला तेव्हा साहेब थोडा वेळ त्याकडं बघत राहिले. "एवढं लिहायलाच पाहिजे का?"

"लिहायलाच पाहिजे, सर."

त्यांनी सही केली. जावक क्रमांक मी घातला.