कुलपाची जागा

दिवाळी अंकासाठी कथा हातात आली तेव्हा जुलै संपत आला होता. कथा पानशेतच्या पुराची, 12 जुलै 1961 ची. चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं हवं होतं, मुदत दहा दिवस.

पहिल्या दोन दिवसांत काडेपेटीएवढ्या चौकटी आखून मी अकरा रफ स्केचेस केली. सगळ्यांत पाणीच पाणी. पानशेत फुटतंय, खडकवासला कोसळतंय, मुठेचा लोंढा लकडी पुलावर चढलाय, कौलांवर माणसं. एकही चित्र त्या कथेचं वाटेना. सगळी बातमीची चित्रं झाली होती.

ती घेऊन शेजारच्या काकूंकडे गेले. पूर आला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या, नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहायच्या. एकेक कागद पाहून त्यांनी बाजूला ठेवला. "अगं, आमच्याकडे लाट नाही आली. पाणी पायरी पायरीनं चढलं. आणि आई दाराला कुलूप लावत बसली होती! मी ओढतेय, आणि किल्ली फिरेना."

कथेतही बाई कुलूप लावते, एकाच ओळीत. मी वाचून पुढे गेले होते. घरी येऊन पाहते तर सातव्या स्केचच्या कोपऱ्यात, नखाएवढी, दाराशी वाकलेली बाई माझ्याच हातानं काढलेली होती.

मग बाकीचं सगळं गाळलं. धरण नाही, पूल नाही. पाठमोरी, नऊवारीतली बाई. मुलगी तिचा पदर ओढतेय, पण नजर खाली. तिसऱ्या पायरीला पाणी लागलंय आणि त्यावर जेवायचा पाट तरंगतोय. मोजलं तर कुलूप नेमकं दोन पानांच्या घडीत येत होतं, शिवणीत पार बुडालं असतं. दार दोन बोटं डावीकडे सरकवलं. त्यामुळे मुलीचा हात ताणावा लागला आणि ओढ जास्तच जाणवू लागली. जमिनीवरच्या काळ्या सावल्याही पुसल्या; भर पावसाळ्यातल्या दिवसाला इतकं ऊन कुठलं?

खरा घोळ शाईच्या वेळी झाला. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, रफ ठेवून गिरवलं आणि बाईचा पुतळा झाला. पेन्सिलीच्या चार चुकलेल्या रेघांतली घाई एका स्वच्छ रेघेत उरत नाही. हे दरवेळी होतं आणि दरवेळी जीव हळहळतो. शेवटी रफ समोर भिंतीला टेकवलं आणि ब्रशनं थेट काढत गेले. तिसऱ्या कागदावर तिच्या बोटांत घाई उतरली.

देण्याआधी काकूंना दाखवलं. बराच वेळ त्या चित्र धरून बसल्या होत्या.

"कुलूप मोठं होतं गं. पितळी. एवढं," त्यांनी बोटांनी माप दाखवलं.

मी पट्टी काढून ते अंतर मोजलं. घरी येऊन आधीचं कुलूप पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकलं आणि वाळल्यावर त्यावर मोठं काढलं.