हायड्रा-काहीतरी-झीन

2007 ची दिवाळी. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी पुण्यातल्या आमच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून, उजवा पाय रेकॉर्डिंग मागेपुढे करायच्या पेडलवर ठेवून बसलो होतो. अमेरिकेला दिवाळीची सुट्टी नसते. नोव्हेंबरात आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचे साडेतीन झालेले असतात, तिथल्या डॉक्टरांचं डिक्टेशन तेव्हा जोरात असतं. पहाटे अभ्यंगस्नानाला घरी सोडा, असं टीम लीडरला मी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं.

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डॉक्टर बोलणार आणि आम्ही टाइप करणार. ओळ म्हणजे स्पेस धरून 65 अक्षरं, आणि इन्सेंटिव्हचा हिशोब ओळींवर. बीएस्सी मायक्रो झाल्यावर एमआरची बॅग उचलायची नव्हती, म्हणून या कोर्सला गेलो. आपल्याला इंग्रजी येतं हा समज पहिल्याच आठवड्यात उतरला. डॉक्टर गाडी चालवताना बोलतात, सँडविच खाताना बोलतात, वाक्य अर्धवट सोडून नर्सला हाक मारतात. शब्द कळला नाही तर ब्लँक ठेवायचा, मग फाइल क्यूएकडे, म्हणजे टाइप केलेलं तपासणाऱ्यांकडे जाते. ब्लँक वाढले की इन्सेंटिव्हला कात्री.

अडीचच्या सुमारास एक डिस्चार्ज समरी, म्हणजे रुग्णाला घरी सोडतानाचा अहवाल, आली. रुग्णाची ओळख पटेल असं काही सांगत नाही. हिपाची, म्हणजे रुग्णाची माहिती गुप्त ठेवायच्या अमेरिकी कायद्याची, सवय सुटत नाही. किडनीचा आजार, डायलिसिस चालू. औषधांच्या यादीत डॉक्टर भरधाव निघाले आणि एका नावाचं पोट गिळून गेले. 'हायड्र...झीन, 25 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी', आणि पाठोपाठ कागदांची खसखस.

हायड्रॅलझीन रक्तदाबाचं औषध, हायड्रॉक्सिझीन खाजेचं. दोन्ही 25 मिलिग्रॅममध्ये मिळतात. शिकवताना सांगत, शब्द कळला नाही तर आजार बघा, औषध आपोआप कळेल. इथे रुग्णाला रक्तदाबही होता आणि अंगभर खाजही. किडनीच्या रुग्णांत ही जोडी नेहमीचीच. संदर्भ दोन्ही बाजूंनी होकार देत होता.

या दोन नावांचा घोळ जुना आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, 2001 मध्ये अशा जोड्यांमधली वेगळी अक्षरं कॅपिटलमध्ये छापायची शिफारस केली होती. छापताना ते ठीक. कानाला कुठलं कॅपिटल?

पेडल मागे, पुढे, मागे. वेग कमी केला तर आवाज ताणलेल्या च्युइंगगमसारखा झाला. उलट वेग वाढवला की कधीकधी शब्द गोळा होतो, पण तोही उपाय चालला नाही. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात माझ्या शंभरेक ओळी झाल्या असत्या. टीम लीडर मागे येऊन म्हणाला, "अरे, बीपी आहे ना? टाक हायड्रॅलझीन. क्लायंटला ब्लँक आवडत नाही." मी टाकलंही. सबमिटवर कर्सर नेला आणि बोट काही खाली जाईना.

उठून क्यूएच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, चार वेळा ऐकलं. "शेवटी पीआरएन म्हणतोय का रे?" पीआरएन म्हणजे लागेल तसं. खाजेची गोळी तशी देतात. रक्तदाबाची गोळी घरी जाणाऱ्या माणसाला लागेल तशी कोण देणार? मी पुन्हा ऐकलं आणि खसखशीतून स्वच्छ पीआरएन ऐकू आलं. म्हटलं, "हो मॅडम, तेच!"

"मी म्हणाले म्हणून ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "ब्लँक ठेव. रेकॉर्डिंगमधली वेळ टाक, दोन्ही नावं लिही, डॉक्टरला तपासायला सांग."

2012 च्या डिसेंबरात अलाबामातल्या एका खटल्याची बातमी वाचली तेव्हा मला हीच फाइल आठवली. भारतात टाइप झालेल्या डिस्चार्ज समरीत इन्सुलिनचे 8 युनिट 80 झाले होते. रुग्ण 2008 मध्येच दगावली होती. ज्युरीनं 14 कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. बातमी वाचून जेवण गेलं नाही.

आमच्या बॅचमधले बरेचजण पुढे मेडिकल कोडिंगला, म्हणजे आजार-उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड लावायच्या कामाला गेले. अमेरिकेत 2015 ला आयसीडी-10 ही आजारांच्या कोडची नवी यादी आली तेव्हा त्यांना चांगले दिवस आले. एकजण परदेशी डॉक्टरांची स्क्राइब आहे, तपासणी चालू असतानाच नोंदी करते. एकजण संशोधकांच्या मराठी मुलाखती उतरवून देतो, वऱ्हाडी बोलीला जास्त दर लावतो आणि बरोबरच करतो. मी आता मशीननं टाइप केलेलं तपासतो. नव्यांना सांगतो, टायपिंगचा वेग विसरा, तो आता कुणाला नकोय. मशीनचं स्पेलिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ते ब्लँक ठेवत नाही. डॉक्टर शिंकला तरी त्याचं औषध करून ठेवतं.

त्या फाइलचं पुढे काय झालं, दोन्हीतलं कुठलं औषध होतं, हे आमच्यापर्यंत आलंच नाही. तशी पद्धतच नव्हती.

घरी पोचलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आई उटण्याची वाटी घेऊन दारातच. "सूर्य वर आला, आता जा नरकात," म्हणाली आणि पाटासमोर कारीट ठेवलं. डाव्या अंगठ्यानं फोडायचं असतं. मी सवयीनं उजवा पाय पुढे केला आणि टाच टेकवून हलकेच दाबला, पेडलसारखा. कारीट घरंगळत मोरीत गेलं.