तुम्ही विचारलंत म्हणून : मेटल आणि अद्भुताची ओढ

नागपुरात हेवी मेटल ऐकणाऱ्या माणसाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो बहुधा आपुलकीनेच विचारला जातो. "काहो, तुम्ही एवढे वाचणारे, अन् हा आरडाओरडा कसा ऐकता बाप्पा?" असे शेजारच्या काकू म्हणतात. माझ्या कपाटातली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनची पुस्तके, कॉमिक्सचे गठ्ठे आणि कवट्या छापलेले टी-शर्ट एकत्र पाहून भाची विचारते, "मामा, मेटलवाले सगळे ड्रॅगन-बिगनवालेच का असतात?" मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. मेटल हे रौद्र, भयानक, अद्भुत आणि वीर या रसांचे संगीत आहे, आणि त्या रसांना ते हातचे काहीही राखून न ठेवता, पूर्ण गांभीर्याने भिडते. राक्षस, शापित जहाजे आणि बुडालेली राज्ये यांच्या गोष्टी ज्याला मनापासून खऱ्या वाटतात, तो आज ना उद्या या संगीतापाशी येतोच.

आधी आरडाओरड्याविषयी. या संगीताचा आवाज इतका जड का, याचे उत्तर बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात सापडते. १९६५ साली टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा तिथल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रावर काम करत असताना त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके कापली गेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवणारा तो वादक ऐकून आयोमीने पुन्हा गिटार हातात घेतली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी अंगुस्ताने केली, पकड यावी म्हणून त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे लावले आणि बोटांना ताण कमी पडावा म्हणून बारीक तारा वापरल्या. पुढे, त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बमपासून, तारा सैल करून स्वरच खाली उतरवला. मेटलचे वजन म्हणून जे ओळखले जाते, त्यातला मोठा वाटा या सैल तारांचा आहे. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि त्याच्या पहिल्याच गाण्याचा गाभा तीन स्वरांचा आहे : षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. तो तीव्र मध्यम पंचमाकडे न जाता तिथेच अधांतरी राहतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. भयानक रस इतक्या कमी स्वरांत उभा राहिलेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

ज्यांचा कान शास्त्रीय संगीतावर घडला आहे त्यांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेटल गिटारवर सर्वाधिक वाजणारा 'पॉवर कॉर्ड' म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम. गंधार मुद्दाम गाळलेला असतो, कारण डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका आणि खरखरीत करणाऱ्या प्रक्रियेतून, गेल्यावर गंधार त्या नादाला गढूळ करतो. शिवाय या संगीताची लाडकी स्वरपंक्ती, जिला पाश्चात्त्य मंडळी फ्रिजियन म्हणतात, ती आपल्या भैरवी थाटाचीच आहे. राहिला ग्राउल, म्हणजे तो खर्जातला गुरगुरता आवाज. तो स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल घड्यांच्या कंपनातून काढतात, त्यासाठी श्वासाचा रियाज लागतो, आणि नुसत्या ओरडण्याने तो येत नाही, उलट गळा मात्र बसतो.

आता ड्रॅगनांचा प्रश्न. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडने १९८४ साली कोलरिजच्या १७९८च्या 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या दीर्घ कवितेवर तेरा मिनिटांहून मोठे गाणे केले. ब्लाइंड गार्डियन या जर्मन बँडने १९९८ साली टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'वर अख्खा अल्बम रचला. अमॉन अमार्थ या स्वीडिश बँडने तर आपले नावच टोल्किनच्या कल्पित भाषेतून घेतले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांत सारुमान झालेले क्रिस्टोफर ली यांनी २०१० साली, वय ८७ असताना, सम्राट शार्लमेनच्या जीवनावर सिंफनिक मेटलचा अल्बम काढला. ली प्रत्यक्ष टोल्किन यांना भेटलेले होते आणि त्यांची पुस्तके पुन्हापुन्हा वाचणारे होते, त्यामुळे या दोन जगांच्या मधोमध उभे राहण्याचा त्यांच्याइतका अधिकार मला दुसऱ्या कोणाचा वाटत नाही.

"पण हे सगळे इतके भेसूर का?" असे विचारणाऱ्या नागपूरकरांना मी मारबतीची आठवण देतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत भ्रष्टाचार, महागाई अशा त्या त्या वर्षीच्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात, ढोलताशांनी कान बधिर होतात आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर चालतो. लहान मुलांना खांद्यावर बसवून ते दाखवले जाते. वाईटाला मोठा, कुरूप देह द्यायचा, त्याला भर रस्त्यात सगळ्यांसमोर आणायचे आणि प्रचंड आवाजात गावाबाहेर घालवायचे, हे आपल्या शहराला एकोणिसाव्या शतकापासून कळते. मेडनच्या मंचावर अवतरणारा एडी हा राक्षसी सांगाडा आणि ब्लॅक सॅबथचे 'वॉर पिग्ज' हे व्हिएतनाम युद्धाच्या काळातले गाणे, ज्यात दुसऱ्यांच्या पोरांना मरायला पाठवणाऱ्या सेनापतींना चेटकिणींच्या पंगतीत बसवले आहे, ही दोन्ही मला बडग्यांचीच जात वाटतात. दोन बोटांची ती प्रसिद्ध शिंगांची खूण मेटल गायक रॉनी जेम्स डिओने रूढ केली, आणि ती आपण इटालियन आजीकडून, वाईट नजर टाळण्यासाठी शिकलो, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे.

अमेरिकेत मात्र या भेसूरपणाचा अर्थ शब्दशः घेतला गेला. १९७४ साली आलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अद्भुत कथेतल्या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ आणि मेटल, या दोहोंवर ऐंशीच्या दशकात सैतानपूजेचा आरोप झाला. १९८५ साली गाण्यांच्या शब्दांवरून अमेरिकी सिनेटपुढे सुनावणी झाली तेव्हा ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर तिथे साक्षीला गेला आणि ज्या गाण्यात विकृत हिंसा शोधली गेली होती, ते आपल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेविषयी आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. म्हणूनच 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेच्या २०२२च्या चौथ्या पर्वात हा खेळ चालवणारा आणि गावाने सैतानाचा हस्तक ठरवलेला मुलगा जेव्हा मेटॅलिका या बँडचे 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवतो, तेव्हा ती निवड मला अत्यंत योग्य वाटते. कथा १९८६ची, गाणेही १९८६चे, आणि एकाच संशयाखाली दिवस काढलेल्या दोन छंदांची गाठ त्या प्रसंगात नीट पडते.

अद्भुताला पूर्ण गांभीर्याने भिडणे मला महत्त्वाचे वाटते, म्हणूनच अलीकडचे बरेचसे सुपरहिरोपट मला आवडत नाहीत. जग बुडायला आलेले असताना कोणीतरी चुरचुरीत वाक्य टाकतो आणि प्रेक्षकाला सांगतो की हे फारसे मनावर घेऊ नका. अद्भुताची लाज वाटत असेल तर अद्भुताच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऐकायचेच असेल, तर मेडनच्या त्या तेरा मिनिटांच्या गाण्यापासून सुरुवात करा, कोलरिजची कविता समोर उघडी ठेवा आणि मधला संथ भाग पुढे ढकलू नका. त्यानंतर 'वॉर पिग्ज' ऐका. ग्राउल शेवटी ठेवा आणि त्यासाठी मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा २०१७ सालचा 'दशावतार' हा अल्बम घ्या. मत्स्यापासून कल्कीपर्यंतची कथा तुम्हाला लहानपणापासून पाठ असल्यामुळे शब्द निसटले तरी प्रसंग ओळखू येतात.