दहा बटणांचा भाता

शनिवार, रात्र

अमेरिकेतल्या केजन संगीताचा घाट त्या छोट्या अकॉर्डियनच्या मर्यादांनीच ठरवला, हे मला दिवसेंदिवस अधिक पटत चाललंय. दक्षिण लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांकडे जर्मनीतून 'मोनार्क' आणि 'स्टर्लिंग' ही वाद्यं आली. उजवीकडे दहा बटणं, बस्स. हार्मोनियमवर भाता कसाही हलला तरी पट्टीचा सूर तोच राहतो. इथे तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. पांढरी एकचं वाद्य घेतलं तर दाबताना सा, ग, प मिळतात. रे, म, ध, नी हवे असतील तर भाता ओढावा लागतो. कोमल-तीव्र स्वर एकही नाही.

नवशिका अडतो तो सप्तकाच्या जोडीत. नाचाच्या गोंगाटावर आवाज चढावा म्हणून वादक एकच स्वर दोन सप्तकांत एकदम धरतात. दाबताना सप्तकात तीन स्वर, म्हणून वरचा सा तीन बटणं पुढे. ओढताना स्वर चार, म्हणून वरचा रे चार बटणं पुढे. भाता उलटला की बोटांमधलं अंतरही त्याच क्षणी बदलायला हवं. दुसरी अडचण हवेची. ओढीचे स्वर सलग आले की भाता ताणून उघडतो आणि ओळ संपायच्या आत दम सुटतो. म्हणून भाता जवळजवळ मिटलेला ठेवायचा, झटके आखूड द्यायचे आणि डाव्या अंगठ्याने हवेची झडप वेळेवर उघडायची. या आखूड झटक्यांतूनच टू-स्टेप या जोडीनाचाची उसळी येते. बोटं कितीही चपळ असोत, भाता सैल पडला तर नाच उभा राहत नाही.

उजव्या बाजूला रीडचे (सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांचे) चार संच असतात: खर्जाचा एक, मधले दोन, तारेचा एक. दहा बटणं, चार संच, दोन दिशा, म्हणजे ८० सुरांची जुळणी. गांधार पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवला की तो तंबोऱ्यातल्या स्वयंभू गांधाराला मिळतो आणि दाबलेला सा-ग-प अगदी शांत लागतो. असा जुळवलेला गांधार ट्यूनरवर उतरलेला दिसतो. तो कुणी 'दुरुस्त' केला की सगळं वाद्य कर्कश होतं. रीडचा सूर उतरवायचा तर ती बुडाशी खरवडायची, चढवायचा तर टोकाशी. जास्त खरवडली की रीड गेलीच.

बाकीची मंडळी या वाद्याशी जुळवून घेतात. फिडलवाला (व्हायोलिनवाला) चारही तारा एक स्वर उतरवतो, बोटं पांढरी दोनची ठेवतो आणि सूर पांढरी एकचे काढतो. त्यामुळे मोकळ्या तारा सा आणि प म्हणून सतत गुंजत राहतात. गायकाला पट्टी बदलायची सोयच नाही, माइकही नव्हते, म्हणून गळा ताणून वरच्या सुरात गायचं. क्रिओल (लुइझियानातले फ्रेंच बोलणारे कृष्णवर्णीय) अकॉर्डियनवादक अमेदे आर्दुआँ यांनी १९२९ साली फिडलवादक डेनिस मॅगी यांच्यासोबत केलेल्या ध्वनिमुद्रणांत ती आर्तता ऐकावी. मला तरी त्या गळ्यापुढे नंतरचं बरंच काही फिकं वाटतं. साथीच्या लोखंडी त्रिकोणासाठी गवत गोळा करायच्या जुन्या दाताळ्यांचे दात वाकवत.

१९३०च्या दशकात तंतुवाद्यांच्या बँडनी अकॉर्डियनला मागे सारलं. १९४८ साली आयरी लेजून यांच्या मुद्रणाने ते परत आणलं, पण तोवर जर्मन वाद्यं मिळेनाशी झाली होती. मग लेक चार्ल्सचे सिडनी ब्राउन ती स्वतः घडवू लागले. पुढे युनिस गावात मार्क साव्वा यांनी १९६६ साली दुकान उघडलं. 'अकेडियन' नावाची त्यांची वाद्यं आणि दुकानातली शनिवार सकाळची बैठक, दोन्ही प्रसिद्ध. तिथे वेगळी शिकवणी नसते. त्रिकोण धरून ठेका सांभाळत बसायचं आणि वादकाचा भाता कुठे उलटतो ते बघायचं.