प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात

शाळेच्या स्मरणिका समितीचा निरोप होता, "तू आता शेफ आहेस, तर तुझ्या प्रवासावर लिही." माझा प्रवास एका वाक्यात आटोपतो. बारावी विज्ञान, मग हॉटेल मॅनेजमेंट, मग एका मोठ्या हॉटेलात कॉमी, म्हणजे स्वयंपाकघरातली सर्वांत खालची मदतनीस, म्हणून भरती आणि आज तशाच एका हॉटेलात सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखाल. टीव्हीवर मी कधी आलेली नाही, येण्याची शक्यताही नाही. तेव्हा ज्यांच्याकडे बघत बघत मी या धंद्यात टिकले, त्या फ्लॉइड कार्डोझ या शेफविषयी लिहिते. ओघात शाळा येईलच.

कार्डोझ यांचा जन्म १९६० चा, मुंबईतला. घराणं मूळचं गोव्याचं. कॉलेजात ते शिकत होते जीवरसायनशास्त्र. ते सोडून त्यांनी मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतला. त्या काळात घरच्यांना हे सांगताना काय झालं असेल, याची कल्पना मला माझ्या घरावरून करता येते. "डिग्री घेऊन शेवटी भांडीच घासणार ना?" असं आमच्याकडे एक काका म्हणाले होते. (पहिल्या वर्षी खरोखरच घासली, स्ट्यूअर्डिंगची पाळी कोणालाच चुकत नाही.) कार्डोझ पुढे स्वित्झर्लंडला शिकले, तिथून न्यूयॉर्कला गेले आणि शेफ ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली 'लेस्पिनास' या रेस्तराँमध्ये त्यांनी काम केलं. फ्रेंच शिस्तीचं ते स्वयंपाकघर. आपल्याकडचे मसाले तिथल्या पद्धतीत कसे बसवायचे, याचा सराव त्यांना तिथे झाला.

१९९८ साली रेस्तराँ व्यावसायिक डॅनी मायर यांच्याबरोबर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'तबला' हे रेस्तराँ सुरू केलं, तेव्हा मी हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षात होते. पाश्चात्त्य पद्धतीनं मांडलेलं, पण चवीनं भारतीय असं जेवण हे त्याचं वैशिष्ट्य. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं त्याला तीन तारे दिले. आमच्या वर्गात मात्र भारतीय स्वयंपाकाचा तास म्हणजे जरा दुय्यम, असा सूर होता. हुशार मुलं कॉन्टिनेंटलला, बाकीची इंडियनला, अशी न बोललेली वाटणी. एका सरांनी तबलाच्या परीक्षणाची झेरॉक्स वाचायला दिली आणि त्यातला 'बायोकेमिस्ट्री' हा शब्द मला पकडून बसला. एवढा शिकलेला माणूस फोडणीपाशी येऊन उभा राहतो, तर मी का नको?

आता शाळेकडे. आठवी ते दहावी आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा एक नियम होता. निरीक्षण आधी, अनुमान नंतर, आणि दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत. "पाणी उकळलं" एवढं लिहून चालत नसे. बुडबुडे आधी कुठे दिसले, तापमान किती होतं, झाकण होतं की नव्हतं, सगळं लिहावं लागे. प्रयोगवही लाल शाईनं रंगून परत यायची. आम्ही कंटाळायचो. पुढे हॉटेलात कॉमी असताना शेफनी सकाळच्या उपम्याची जबाबदारी माझ्यावर टाकली, तेव्हा ही सवय कामाला आली.

उपम्याबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या. घरी चार माणसांचा उपमा कुणीही करतं. बुफेसाठी दीडशे माणसांचा उपमा हा निराळा प्राणी आहे. रवा कमी भाजला की चिकट होतो, जास्त भाजला की रंग जातो. तुपात नीट परतला तर कण एकमेकांना धरत नाहीत, आणि उकळतं पाणी पडताच प्रत्येक कण आपापला फुगतो. गव्हातला स्टार्च साधारण ६० अंशांच्या पुढे पाणी ओढायला लागतो, म्हणून कोमट पाण्यावर काम भागत नाही. शिवाय चेफिंग डिशमध्ये, म्हणजे बुफेवर अन्न गरम ठेवणाऱ्या भांड्यात, तो पुढचे दोन तास शिजतच राहतो. कढईतून काढताना बरोबर वाटणारा उपमा नऊ वाजता दगड झालेला असतो. म्हणून काढतानाच तो डोळ्याला सैल वाटेल असा काढायचा. हे मला कुठल्या पाककृतीत मिळालं नाही. वही घेऊन रोज पाण्याचं माप, भाजण्याची वेळ आणि दोन तासांनंतरची अवस्था लिहीत गेले, तेव्हा समजलं. बाईंचे दोन रकाने जसेच्या तसे.

आणि मग २०११ साल आलं. अमेरिकेतली 'टॉप शेफ मास्टर्स' ही स्पर्धा कार्डोझ यांनी जिंकली. तिथे स्पर्धकही नावाजलेले शेफच असतात. अंतिम फेरीत त्यांनी परीक्षकांपुढे ठेवला उपमा! मश्रूम घातलेला, पोलेंटाच्या अंगानं जाणारा, पण उपमाच. पोलेंटा म्हणजे इटलीतला मक्याच्या भरड पिठाचा मऊ प्रकार. तेव्हा तिथल्या परीक्षकांना पोत ओळखीचा, चव नवी. आमच्या स्वयंपाकघरात ही बातमी आली तेव्हा ब्रेकफास्टची पाळी आटोपत होती. कढईपाशी उभ्या असलेल्या पोरानं विचारलं, "मॅडम, उपम्यावर?" दुपारच्या सुट्टीत शेजारच्या बाकावर इडली निघाली की उपम्याचा डबा हळूच झाकणारी मुलगी मी होते, त्यामुळे त्याचं आश्चर्य मला पुरतं कळलं. बक्षिसाचे एक लाख डॉलर कार्डोझ यांनी तरुण शास्त्रज्ञांच्या कर्करोग संशोधन निधीला दिले. जीवरसायनशास्त्र सुटलं होतं, विज्ञान सुटलं नव्हतं, असं आपलं मला वाटतं.

प्रसिद्धीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण टीव्ही पाहून या क्षेत्रात यायला निघालेली मुलं मला दरवर्षी भेटतात. स्पर्धा जिंकण्याच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस तबला बंद झालं होतं. बारा वर्षं नावाजलेलं रेस्तराँ, पण मंदीनंतर एवढ्या जागा रोज भरणं जड गेलं. त्यांनी नंतर न्यूयॉर्कमध्ये काढलेली काही रेस्तराँही टिकली नाहीत. पण २०१५ साली मुंबईत त्यांचं 'बॉम्बे कॅन्टीन' हे रेस्तराँ उभं राहिलं, मग 'ओ पेद्रो', आणि या दोन्ही ठिकाणी आपल्या गावोगावच्या पदार्थांना मानाचं पान मिळालं. आज मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर अळूवडी किंवा ठेचा सहज दिसतो, त्यात या माणसाचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. माझे काही सहकारी ते मान्य करत नाहीत. त्यांच्या मते हे होणारच होतं. मला तसं वाटत नाही. कुणीतरी आधी हट्ट धरावा लागतो.

२५ मार्च २०२० रोजी कोविडनं न्यू जर्सीत त्यांचं निधन झालं. वय ५९. त्याच महिन्यात ग्रे कुन्झही गेले होते. त्या दिवसांत आमचं हॉटेल बंद होतं आणि मी घरी होते. आम्ही जुने सहकारी फोनवर बराच वेळ बोलत राहिलो. त्यांच्यापैकी कुणीही कार्डोझना प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं, मीही नाही.

आताच्या विद्यार्थ्यांसाठी कामाचं एवढंच. हॉटेल मॅनेजमेंटच्या सरकारी संस्थांत जायचं तर बारावीनंतर 'एनसीएचएम जेईई' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शाखा कुठलीही चालते, बारावीला इंग्रजी हवं. मुलींनी तर जरूर यावं, हॉट किचनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष शेगडीपाशी, आम्ही अजून फार थोड्या आहोत. आणि महोत्सवी वर्षात शाळेच्या प्रयोगशाळेत आठवी-नववीसाठी रवा, पाणी आणि उष्णता यांवर एक तास घ्यायचं मी कबूल केलं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, शेगडीचं तेवढं ठरायचं आहे.