तुम्ही विचारलंत म्हणून : माणसं सोडून खोकी का?

प्रवाशांचं विमान सोडून मी मालाचं विमान उडवायला लागले, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत मावशी विचारते, "म्हणजे आता तुझ्या विमानात माणसंच नसतात? कमी केलं का गं तुला?" गोंदियाच्या वैमानिक प्रशिक्षण शाळेतून नुकतं लायसन्स घेऊन बाहेर पडलेली पोरं रात्री मेसेज टाकतात, "मॅडम, एटीआर घेऊ की कार्गो?" एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, कार्गो म्हणजे माल. मावशीला मी सांगते, पगार बरा आहे. पोरांना सांगते, जेट उडवल्याचे तास नावावर जमा होतात. दोन्ही खरं आहे. पण हीच दोन उत्तरं देऊन पाच वर्षं झाली आणि आता माझाच मला कंटाळा आलाय.

आधी चिडचिड काढून टाकते. "म्हणजे हवेतला ट्रक ड्रायव्हर" हा विनोद मी किमान चाळीस वेळा ऐकलाय. मी उडवते ते बोइंग 737, आणि 737 ते 737च असतं. मागे सीट असोत की पॅलेट, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये घाम तेवढाच निघतो आणि मेडिकल तीच असते. उलट रात्री दोनला सुमारे 23 टन माल घेऊन चेन्नईहून निघायचं, पहाटे उतरायचं आणि दिवसा जाड पडदे लावून झोपायचं, हे कुणी आठवडाभर करून दाखवावं. ट्रक ड्रायव्हरला कमी लेखायचंही कारण नाही, पण तो वेगळा विषय.

आणि पोरांनो, अमेरिकेतले व्हिडिओ बघून विचारू नका. तिथे रीजनलमधून, म्हणजे छोट्या मार्गांवरच्या प्रवासी कंपन्यांमधून, लोक मोठ्या कार्गो कंपन्यांकडे जायला धडपडतात. आपल्याकडे तशी सरळ शिडी नाही. शिवाय तिथलीच एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगत नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ एका रीजनल कंपनीचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं विमान, पडलं, 50 माणसं गेली. त्यातून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, 2014 पासून लागू झाले, आणि त्यातून कार्गोला वगळलं. दमलेला वैमानिक खोकी नेत असला की कमी दमतो, असं बहुधा कुणाला तरी वाटलं असावं.

आता एटीआरबद्दल. आधी मी तेच उडवायचे. मला ते विमान आवडायचं, अजून आवडतं. त्याला वेगळं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-एसी पुरवणारं छोटं इंजिन, नसतं. उजवं इंजिन चालू ठेवून पंख्याला ब्रेक लावतात आणि त्यावर वीज-एसी चालवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. माणसं मागच्या दाराने चढतात, म्हणून शेपटीखाली टेकू लावावा लागतो, नाहीतर विमान बूड टेकून बसायचं. दिवसाला पाच-सहा लँडिंग. सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेत 27 एप्रिल 2017 ला नांदेड–हैदराबाद सुरू झालं, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागा 2500 रुपयांच्या आसपास, आणि एसटीच्या स्टँडवर दिसणारी माणसं विमानात दिसायला लागली. पिशवीत डबा, हातात छत्री. शिकत असताना मी मैत्रिणींना सांगायचे, माणसं नेतो तो वैमानिक, बाकीचे हमाल. हे मी म्हटलंय. आठवण करून द्यायला मैत्रिणी आहेतच.

आता ती गोष्ट.

जुलै महिना. गावाचं नाव लिहीत नाही, कॅप्टन अजून उडवतात. आदल्या दिवशी मी तिथेच दुसऱ्या कॅप्टनबरोबर गेले होते. रनवे दिसला नाही, पुन्हा एक प्रयत्न केला, तेव्हाही दिसला नाही, हैदराबादला परत आलो. काही माणसं रडली, काहींनी काउंटरवर आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा विमानात. बोर्डिंगच्या वेळी मी बाहेर चक्कर मारून येत होते, तर धोतर-टोपीतल्या एका आजोबांनी मला थांबवलं. "पोरी, आज तरी उतरवणार ना?" मी हसून म्हटलं, "बघू आजोबा." त्यांना ते उत्तर आवडलं नाही.

तिथे आयएलएस, म्हणजे विमानाला थेट रनवेकडे उतरवत आणणारी रेडिओ यंत्रणा, नव्हतं. व्हीओआरवर, म्हणजे फक्त दिशा दाखवणाऱ्या रेडिओवर, यायचं, ठरलेल्या उंचीपर्यंत उतरायचं, रनवे दिसला तर पुढे, नाही दिसला तर वर. टॉवरने दिलेली व्हिजिबिलिटी नियमात जेमतेम बसेल एवढीच. विमान कॅप्टनच्या हातात, मी आकडे वाचतेय. वायपर खडखडतायत. किमान उंची आली. "मिनिमम्स," मी म्हटलं. समोर दूध.

"कंटिन्यू," सर म्हणाले. हा शब्द रनवे दिसल्यावर म्हणायचा असतो.

मग म्हणाले, "चिमनी दिखेगी, लेफ्ट में." सर मराठी नव्हते, पण त्या साखर कारखान्याची लाल-पांढरी चिमणी त्यांना तोंडपाठ होती. ती डावीकडे आली की रनवे नाकासमोर.

त्या जागी मी दोन शब्द म्हणायचे असतात. गो अराउंड. म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. ते को-पायलटनेही म्हणायचे, पुस्तकात लिहिलंय, सिम्युलेटरमध्ये मी ते पन्नास वेळा म्हटलेत. मी गप्प बसले, एवढंच सांगून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. मी चिमणी शोधत होते. मान डावीकडे वळवून, डोळे ताणून, मनापासून. तिचं टोक ढगातून काढलं ते मीच. "चिमणी, सर. साडेनऊच्या दिशेला." किमान उंचीच्या खाली आम्ही दोनशे फूट गेलो. मिनिटाला सहाशे फूट उतरत असताना दोनशे फूट म्हणजे वीस सेकंद. तेवढा वेळ आम्ही जिथे असायला नको होतं तिथे होतो, मागे चौसष्ट माणसं घेऊन.

रनवे थोडा उजवीकडे निघाला. सरांनी विमान सरळ केलं, चाकं टेकली, पाण्याचा फवारा, रिव्हर्स. आणि बंद दाराआडून टाळ्या.

त्या टाळ्यांची लाज वाटली असं लिहायचा मोह होतोय. पण मला बरं वाटलं होतं. चांगलंच बरं. उतरताना आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "काल नाही जमलं त्या साहेबाला. आज जमवलंत तुम्ही." कालच्या कॅप्टनने बरोबर केलं होतं, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. पिशवीतून त्यांनी दोन राजगिऱ्याचे लाडू काढून दिले. मी खाल्ले.

लाज रात्री हॉटेलवर आली. मी रिपोर्ट टाकला नाही. उड्डाणाची नोंद तपासली जाते, पण त्या यंत्राला उंची कळते, वेग कळतो. काचेबाहेर काय दिसत होतं ते कळत नाही. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. सरांनी जेवताना विचारलं, लँडिंग कसं झालं? छान, सर.

मग मी नोकरी सोडली, असं तुम्हाला वाटेल. सोडली, पण आठ महिन्यांनी. पश्चात्तापाला इतका वेळ लागतो, की कार्गोची जाहिरातच आठ महिन्यांनी आली? मला खरंच सांगता येत नाही. पगार वाढला होता, जेट मिळत होतं. पण फॉर्म भरताना डोक्यात हेही होतं की खोकी टाळ्या वाजवत नाहीत. "आज तरी उतरवणार ना?" असं विचारत नाहीत.

यातही मी थोडी फसलेच. खोकी बोलत नसली तरी त्यांचे मालक बोलतात. सकाळी आठची डिलिव्हरी चुकली की ऑपरेशन्सचा फोन येतो. आणि खोकी अगदीच मुकी नसतात. मे महिन्यात हापूसचा वास कॉकपिटपर्यंत येतो. एकदा एका दिवसाची कोंबडीची पिल्लं होती, रात्रभर चिवचिव. आणि नोटोक नावाचा कागद असतो, धोकादायक मालाची यादी, त्यावर कॅप्टनची सही लागते. त्यात लिथियम बॅटऱ्या दिसल्या की मला 3 सप्टेंबर 2010 चं दुबई आठवतं. मालातल्या अशाच बॅटऱ्यांसह आग पेटली, कॉकपिट धुराने भरलं, मालवाहू 747 पडलं, दोघे वैमानिक गेले. आमच्या मुख्य डेकवर आग विझवायची गॅस यंत्रणा नसते. मागची हवा काढून टाकायची आणि जवळचा रनवे गाठायचा.

आणि गोंदियाच्या त्या पोरांपैकी एक मुलगी, जिला मी ही गोष्ट सांगितलीय, अजून भांडते माझ्याशी. म्हणते, "दोन शब्द बोलायला शिकायचं होतंस, तर तू माणसंच काढून टाकलीस." मी तिला कोलकात्याची एक डिसेंबरातली पहाट सांगते. धुकं, किमान उंची, काही दिसत नाही, अर्ध्या सेकंदात गो अराउंड. ती विचारते, "मागे आजोबा असते तर?"

आता मी कॅप्टन आहे. प्रत्येक ब्रीफिंगमध्ये को-पायलटला सांगते, तू गो अराउंड म्हणालास तर मी कारण विचारणार नाही, आधी वर जाऊ. मागच्या महिन्यात एका नव्या मुलाने विचारलं, "मॅडम, कुणी म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नाही, असं तुमच्याबरोबर कधी झालंय?"

"नाही," मी म्हटलं, आणि नोटोकवर सही करायला पेन मागितलं.